रुहीची लॅब पार्टनर

२६ ऑगस्ट, मंगळवार
गाडी पार्क व्हायच्या आधीच रुहीने सांगून टाकलं — "आई, क्लासमध्ये आपण एकमेकींना ओळखत नाही. प्लीज."
हो म्हटलं. सतराव्या वर्षी स्वतःची आई स्वतःच्याच वर्गात! मलाही नको झालं असतं. तिला हायस्कूलमध्ये असतानाच कॉलेजची क्रेडिट्स मिळवायची आहेत. मला लॅब टेक्निशियनच्या कोर्सला जायचंय, आणि माझी नागपूरची एम.एस्सी. इथे अमेरिकेत फार जुनी ठरली. ग्रीन कार्ड आलं, पण केमिस्ट्री शिळी झाली! म्हणून पुन्हा पहिल्यापासून — अणू, रेणू, बीकर धुवा.
ती पुढे बसली. मी मागे.

२८ ऑगस्ट
लॅब पार्टनर ठरले. माझ्या वाट्याला एक नर्सिंगवाली आली आहे, सगळं माझ्याकडून करून घेते. रुहीच्या शेजारी डेनीस म्हणून एक बाई. माझ्याच वयाची, थोडी मोठीच असेल. मॉलमध्ये सिक्युरिटीत आहे. क्रिमिनल जस्टिस शिकतेय — पोलिसांच्या लॅबमध्ये पुरावे तपासायचं काम हवंय, म्हणून केमिस्ट्री. हे सगळं रुहीने घरी येताना आपणहून सांगितलं.
माझ्या पार्टनरचं नाव तिने विचारलं नाही.

९ सप्टेंबर
घनता मोजायची होती. पुढच्या टेबलावर त्या दोघी हसत सुटल्या. रुहीचं ते डोकं मागे टाकून हसणं — घरात कधी ऐकलं होतं शेवटचं? घरी विचारलं की 'फाइन'. फार विचारलं की दार बंद.
गाडीत म्हटलं, एवढं काय झालं हसायला?
"नथिंग, आई. यू हॅड टू बी देअर."
मी होते की तिथेच! तीन टेबलं मागे.

११ सप्टेंबर
ती तिला 'रू' म्हणते. रू!

१८ सप्टेंबर
रुहीला मोलचं, म्हणजे अणू-रेणू मोजायचं, गणित कळेना. मी मागे बसलेली, एम.एस्सी., हात रिकामे. आणि माझी मुलगी मोल म्हणजे काय ते मॉलच्या सिक्युरिटीवालीकडून शिकतेय! डेनीसने डझन-डझन अंड्यांची चित्रं काढून समजावलं. बरोबरच समजावलं, तेच जास्त लागलं.
रात्री जेवताना केदारला सांगितलं. "चांगलंय ना वीणा, मैत्रीण मिळाली आपल्या लेकीला," म्हणाला. मग रुहीला विचारलं, प्रोग्रॅमिंगचा क्लास कसा चाललाय. तो त्यानेच घ्यायला लावलाय. 'फाइन,' ती म्हणाली.

३० सप्टेंबर
अष्टमी. साबुदाण्याची खिचडी केली. रुहीने डब्यात जास्त मागितली, मी खूश. तिसरीत असताना कुणीतरी वासावरून बोललं, तेव्हापासून माझा डबा तिला बाहेर नको असायचा.
डेनीससाठी नेला होता. तिला फार आवडली म्हणे.
पुढच्या वेळी मिरच्या वाढवाव्यात असं मनात आलं. किती खालच्या थराला जातेय मी! वाढवणार नाही. फार तर एक.

९ ऑक्टोबर

लॅबनंतर बाहेरच्या बाकावर डेनीस माझ्याशेजारी येऊन बसली. म्हणे, तुला सगळं येतं, मी बघते, मला शिकवशील का? मी विचार करते म्हटलं. मग गप्पांच्या ओघात ती 'त्या पोरीबद्दल' बोलायला लागली. हुशार आहे, पण बापाच्या हट्टापायी प्रोग्रॅमिंग घेतलं होतं, रडकुंडीला आली होती. गेल्या आठवड्यात सोडून दिलं. त्याऐवजी अर्ध्या सेमिस्टरला सुरू होणारा क्रिमिनल जस्टिसचा पहिला कोर्स घेतलाय. घरी सांगायला घाबरते बिचारी.
"ती माझी मुलगी आहे," मी म्हणाले.
डेनीसने तोंडावर हात ठेवला.  मी विचारलं — तुला सांगितलं, मला का नाही?
"मी नाराज झाले तर तिचं काही बिघडत नाही," ती म्हणाली. "तू झालीस तर बिघडतं."
 रुहीला यातलं काही कळू द्यायचं नाही, एवढं ठरवून उठलो.

२१ ऑक्टोबर
दिवाळीचे पाहुणे. केदार सगळ्यांना सांगत होता, रुहीने आत्तापासून कोडिंगची क्रेडिट्स घ्यायला सुरुवात केलीय. रुही चकल्यांच्या ताटाकडे बघत राहिली. मी पण.
कधी सांगशील ग मला? रोज गाडीत वाट बघते. रेडिओसुद्धा लावत नाही.

३० ऑक्टोबर
डेनीसला गुरुवारी लायब्ररीत शिकवते आहे. आधी वाटलं, रुहीची खबर लागेल. डेनीस एक अक्षर बोलत नाही. मी रुहीची आई आहे हे आपल्याला कळलंय, एवढंच तिने रुहीला सांगितलं.
आणि बोलत बसले ती मीच! नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या कंपनीतली माझी लॅब, केदारबरोबर येताना दिलेला राजीनामा, व्हिसामुळे काम करता येत नव्हतं ती सगळी वर्षं. रुही प्रीस्कूलमध्ये असायची तेव्हा मी इंडियन ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून रडायचे, डोळे पुसून तिला आणायला जायचे — हेही. केदारलाही माहीत नाही हे. इंग्रजीत सांगितलं म्हणून की काय, सोपं गेलं.
डेनीसने मान डोलावली नाही की समजूत घातली नाही. फक्त ऐकलं. रुहीला काय मिळालं असेल तिच्याकडे, ते कळलं. तरी पोटात दुखतंच.

६ नोव्हेंबर
लायब्ररीच्या दारात रुही उभी होती, कधीपासून कोण जाणे. आम्ही कशावरून तरी हसत होतो.
गाडीत विचारलं तिने, काय बोलता एवढं तुम्ही?
केमिस्ट्री, म्हटलं.
तिने हेडफोन लावले.

१३ नोव्हेंबर
आज किल्ली रुहीकडे होती. गाडी सुरूच केली नाही. प्रोग्रॅमिंग सोडल्याचं एका दमात सांगितलं. मला माहीत होतं, म्हटलं.  ती रडत होती, पण क्लाससाठी नाही.
"त्या दिवशी लायब्ररीच्या दारातून ऐकलं मी. तू गाडीत बसून रडायचीस, हे डेनीसला माहितीय," ती म्हणाली. "मला का नाही सांगितलंस?"