रेग्युलेटरची थरथर

१९ मार्च, बुधवार

भाजलं! उजव्या हाताची दोन बोटं.

इंजिन चालू होतं. केबिनमध्ये हात घालून रेग्युलेटर बंद करायला गेलो. रेग्युलेटर म्हणजे वाफेचा नळच, वर इवलीशी पितळी दांडी. दांडी सापडेना. ती जागेवरच होती, हात जागेवर नव्हता. बोटं सरळ स्पिरिटच्या ज्योतीत. इंजिन पळत जाऊन व्हरांड्याच्या टोकाला जास्वंदीच्या कुंडीवर धडकलं.

बायको पारू हळद घेऊन धावली. "म्हातारपणी खेळणी कावून पायजेत तुमाला?" खेळणी! सहा वर्षं घातली या खेळण्यात. हातभर लांबीचं आगगाडीचं इंजिन, पण खरं. तांब्याचा बॉयलर, खरं पाणी, खरी आग, चाळीस पौंड दाबाची खरी वाफ. थर्मलच्या वीजकेंद्रात बॉयलरवर एकतीस वर्षं काढली, एक फोड आला न्हाई. अन् आता घरच्या व्हरांड्यात!

लिहायचं न्हाई म्हणत होतो. पण शिफ्टच्या लॉगबुकात कधी खोटं लिहिलं न्हाई, तर इथं कावून लिहू? उजवा हात थरथरतो. दसऱ्यापासून. मांडीवर ठेवला की गप. काम करायला उचलला की सुरू.

लिहिलं एकदाचं. लई भ्या वाटतंय.

२१ मार्च, शुक्रवार

बाळू आलता. विहाराच्या कमिटीचा. "शहादेवकाका, जयंतीला तुमचं इंजिन मंडपात चाललंच पायजे! पोरांना सांगून ठेवलंय." महिन्याखाली मीच हो म्हणलतो, छाती काढून. आज न्हाई कसं म्हणणार? न्हाई म्हणलं की कावून म्हणतील.

मग पुण्याला प्रवीणला फोन केला. पुतण्या हाय, रिमोटची विमानं दुरुस्त करतो. म्हणलं, इंजिनाला रिमोट बसवायचाय. हातच घालायला नको आगीजवळ! त्यानं विचारलं, "काका, एकदम कावून?" म्हणलं, शौक.

खोटं बोललो. पण सहज जमलं. याचंच आश्चर्य वाटलं.

२४ मार्च, सोमवार

पार्सल आलं. एक रिमोट, एक रिसिव्हर, दोन सर्वो. सर्वो म्हणजे काडीपेटीएवढी मोटर, तिला पांढरी प्लास्टिकची दांडी. रिमोटवर अंगठ्यानं काडी सरकवली की तिकडं दांडी तेवढीच सरकती. एक सर्वो रेग्युलेटरला, दुसरा पुढं-मागंच्या लिव्हरला.

बजरंग बघायला आला. आमी दोघं एकाच शिफ्टला होतो, तो टर्बाइनवर, मी बॉयलरवर. गप्पांत त्याच्या मेव्हण्याचं निघालं. कंपवात. आधी नुसता हात हलायचा, म्हणे. आता सदऱ्याची गुंडी बायको लावती, घास बायको भरवती. बजरंग सहज सांगत होता. मी हात खिशात घातला, तो बजरंग जाईस्तोवर काढला न्हाई.

२७ मार्च, गुरुवार

चार दिवस बसवतोय. सर्वोला उष्णता सोसत न्हाई, प्लास्टिक वितळंल. म्हणून केबिनच्या मागच्या कोपऱ्यात बसवला, मधी उष्णता अडवायला जुन्या गॅस्केटचा तुकडा. सर्वोपासून रेग्युलेटरपर्यंत सायकलच्या स्पोकचा दुवा. नामी बसला! स्क्रू मात्र मुंगीएवढे. उजव्या हातानं एक स्क्रू लावायला पाऊण तास. शेवटी डाव्यानं लावले. पारू दारातून बघत होती. "डावखुरे कधी झाले तुमी?" म्हणलं, भाजलेलं दुखतंय.

संध्याकाळी प्रवीणशी वाद. तो म्हणतो, सिग्नल तुटला तर सर्वोनं कुठं जाऊन थांबायचं ते आधीच ठरवून ठेवावं लागतं. "काका, बंदवर ठेवा." मी म्हणलं, पेटल्या बॉयलरची वाट बंद करू? मी जन्मभर उलटं शिकलो. आग हाय तोवर वाफेला वाट पायजे! तो म्हणला, "तुमची सेफ्टी आहे ना वाट द्यायला? रेग्युलेटर उघडा राहिला तर इंजिन पोरांच्या अंगावर जाईल."

पोरांच्या अंगावर — हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. बंदवर ठेवलं. सेफ्टी व्हॉल्व्ह तीनदा तपासला. चाळीसला बरोबर उडतो.

३० मार्च, रविवार

पाडवा. गल्लीत गुढ्या. वाफ न करता नुसती चाचणी घेतली. रिमोट चालू, रिसिव्हर चालू. काडी थोडी पुढं केली, रेग्युलेटरची दांडी उघडली. काय आनंद झाला! पारूला हाक मारली.

मग नीट बघितलं तर दांडी थरथरती. बारीक. उघड-मीट, उघड-मीट.

सर्वो खराब दिसतोय.

३१ मार्च, सोमवार

ईद. शेजारच्या शेखसाहेबांकडून शीरखुर्मा आला. प्रवीणला दुसरा सर्वो पाठवायला सांगितला, भारीतला.

४ एप्रिल, शुक्रवार

नवा सर्वो बसवला. तशीच थरथर! प्रवीण म्हणतो बॅटरी कमजोर असंल, वायर हलत असंल. असंच असंल. असंच असावं.

६ एप्रिल, रविवार

आज थर्मलच्या पद्धतीनं बसलो. बॉयलरला बिघाड झाला की अंदाज बांधायचा न्हाई. एकेक भाग बाजूला काढायचा अन् बघायचं, बिघाड गेला का राहिला. शिकाऊ पोरांना मी हेच बजावायचो. ज्याला घाई त्यानं घरी जा.

बॅटरी बदलली. थरथर. वायर बदलली. थरथर. रिसिव्हर इंजिनापासून लांब नेला. थरथर. स्पोक काढून टाकली, नुसता सर्वो टेबलावर. थरथर.

राहिला रिमोट. फरशीवर ठेवला, काडी अर्ध्यावर अडकवली. सर्वो गप. एकदम गप. पाच मिनिटं बघत बसलो, केसभर हलला न्हाई.

उचलला. थरथर.

पारूला बोलावलं. म्हणलं, हे धर, ही काडी अंगठ्यानं अर्ध्यावर ठेव. "काय करायचंय?" म्हणलं, रेंज बघतोय. तिनं पदराला हात पुसून धरला. सर्वो दगडासारखा गप. "झालं का? भाजी करपंल." म्हणलं, झालं.

सगळं बाजूला काढलं. राहिला ऑपरेटर.

७ एप्रिल, सोमवार

काही लिहावंसं वाटत न्हाई.

८ एप्रिल, मंगळवार

वाफ करून बघितली. मनाला वाटलं, वाफेचा दाब आला की दांडी जड होईल, बारीक थरथर मरंल. पण तसं झालं न्हाई. इंजिन निघालं अन् आवाज ऐकला. चांगल्या इंजिनाचा ठेका कसा एकसारखा असतो. हे मधीच दम लागल्यासारखं, मधीच ठेचकाळल्यासारखं. आजवर हात खिशात लपवत होतो. आता तो रुळावर फिरतोय, आवाज करत, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा!

नेमका बजरंग फाटकात. खो खो हसला. "शहादेव, तुझं इंजिन पिऊन आलंय का बे?"

मी बी हसलो.

माझ्या बापाचा हात असाच हलायचा. लोक म्हणायचे, पितो. कधी थेंबाला शिवला न्हाई तो माणूस. छप्पन साली दीक्षा घेतलेला, नागपूरला जाऊन. तरी म्हणायचे. सोयरीक जुळवायला गेला तर म्हणायचे. मी लहान होतो, मलाबी तसंच वाटायचं. एकदा तोंडावर बोललो. काय सांगायला पायजे होतं त्यानं? त्यालाच ठाऊक नसंल. त्याची माफी मागायची राहिली ती राहिलीच.

म्हणून पोरगी झाली तवा नाव पंचशीला ठेवलं. पाच शीलांतलं पाचवं दारू न पिण्याचं. आमच्या घरात कुणी पीत न्हाई, हे हाक मारली तरी कळावं.

आता जयंतीला सगळ्या वस्तीसमोर इंजिन असं झोकांड्या खात चाललं तर लोक काय म्हणतील ते मला पाठ हाय.

१० एप्रिल, गुरुवार

प्रवीणनं नवी सेटिंग सांगितली. काडी थोडीशी हलली तर सर्वोनं मनावर घ्यायचंच न्हाई. केली. थरथर थांबली! पण आता इंजिन आधी ऐकतच न्हाई, अन् ऐकलं की एकदम हिसक्यानं सुटतं. आज रूळ सोडून भिंतीला धडकलं. पेटतं स्पिरिट फरशीवर सांडलं. पारूनं ओलं पोतं टाकलं म्हणून बरं.

मंडपात पोरं पहिल्या रांगेत मांडी घालून बसणार. रुळापासून दोन हातांवर. उकळतं पाणी, जाळ, अन् रिमोट माझ्या हातात! एकतीस वर्षांत माझ्या शिफ्टला एक माणूस भाजला न्हाई. सेटिंग काढून टाकली.

पंचशीलाचा फोन आलता. अंबाजोगाईला सरकारी दवाखान्यात नर्स हाय, लहान लेकरांच्या वॉर्डात. "अण्णा, आवाज असा कावून?" म्हणलं, ऊन लई हाय. दोनदा सांगावंसं वाटलं. पण सांगितलं की ती हाताला धरून डॉक्टरापुढं नेणार, अन् डॉक्टर तो शब्द उच्चारणार. एकदा उच्चारला की संपलं. मग मी इंजिनवाला शहादेव न्हाई, घास भरवायचा म्हातारा.

१२ एप्रिल, शनिवार

अंघोळीला बसलो तवा रडलो. पाणी चालू ठेवलं.

पारूला विचारलं, परवा रिमोट तू धरशील का? "मी? त्या जाळाच्या इंजिनाचा? मला काय येड लागलंय?" लई समजावलं. न्हाई म्हणली ती न्हाईच.

मग सुचलं. पंचशीला! उद्या येतीच हाय सुट्टीवर. तिच्याइतका पक्का हात आमच्या खानदानात कुणाचा न्हाई. चार दिवसांच्या लेकराची शीर तिला एका टोच्यात सापडती. मोठ्या डॉक्टरीणबाई बी तिला हाक मारतात. बाळूला सांगायचं, पोरगी चालवणार. लोक कौतुकच करतील. मला रिमोटला हात लावायचं काम न्हाई, कुणी काही विचारायचं काम न्हाई.

सहा महिन्यांत आज पहिल्यांदा पोटभर जेवलो.

१३ एप्रिल, रविवार

पंचशीला सकाळच्या बसनं आली. पारू स्वयंपाकघरात होती. मी इंजिन मांडलं, रिमोट तिच्या हातात दिला. ती आधी नको नको म्हणत होती. मी म्हणलं, अगं धर तर, अंगठ्यानं काडी अर्ध्यावर ने.

नेली. दांडी थरथरली!

माझ्यासारखीच! तशीच बारीक, उघड-मीट, उघड-मीट! मी ओरडलोच, "बघ! मशीनच खराब हाय! माझा हात चांगला हाय, पंचशीला, मी उगंच सहा महिने मरत होतो!" सगळं भडाभडा बोलून गेलो. दसरा, कंपवात, बाप, सगळं.

ती हसली न्हाई. रिमोट हळूच फरशीवर ठेवला. दांडी थांबली.

"मशीन चांगलं हाय, अण्णा," म्हणली. "दिवाळीपासून हाय मला. वॉर्डात सुई मी दुसरीला लावाय सांगते. आईला बोलू नका."

पारूनं चहाचे दोन कप आणून आमच्या पुढं ठेवले. पारू समोर हाय तोवर कुणीच उचलला न्हाई.