वाटूरच्या गोदीतले ठोकळे

३ मार्च २०२५, सोमवार
वाटूरला पोचलो. जागा बिलकुल झकास! जुन्या दगडखाणीत नव्वद मीटर लांब कोरडी गोदी बांधली आहे. नौदलाची जहाजं बांधायची खरी गोदी समुद्राकाठी होणार. हा तिचा नमुना, आधी तपासायचा. जहाज काही इथं येणार नाही. तळाला मधोमध एका रांगेत बहात्तर ठोकळे आहेत: खाली काँक्रीट, वर मऊ लाकडाची जाड फळी. जहाज बसतं ते यांच्यावर. एकूण एक मोजला. बराबर १२०० मिलिमीटर. शिक्षण दहावी, पण अंकुशनगरच्या कारखान्यात पंचवीस वर्षं मापं घेतली. कुणी एका मिलिमीटरची चूक काढून दाखवावी! मेहुणा कल्याण गवंडीकामाला सोबत आहे. बायको नंदाबाईनं बजावलं, भावाला धड परत आणा. मी म्हटलं, तिथं पाणीसुद्धा न्हाई, मंग बुडायचा कुठं?

५ मार्च
मधले ठोकळे ११९४ भरले. टेप बदलली. पुन्हा ११९४. कल्याण हसला, म्हणे दाजी, उन्हानं लाकूड आखडलं, तुम्ही कशाला वाळून राह्यले? त्याला समजावलं, आखडलेल्या लाकडाला भेगा पडतात. इथं फळ्यांच्या कडा बाहेर फुगल्यात, दाबलेल्या कणकेसारख्या.

७ मार्च
मधले ११७१, टोकांचे ११९६. आलेख काढला. ओझं पोटात जड, टोकांना हलकं. भरलेलं जहाज असंच बसतं, पुस्तकात पाहिलं होतं. कल्याण म्हणाला, दाजी, कायतरी टेकलंय, आता हात नका लावू. रिकाम्या गोदीत टेकणार काय? लाकूड निकृष्ट, असा अहवाल दिला. मधले सात ठोकळे काढून नवे बसवा म्हणून लिहिलं. इथला तरुण इंजिनिअर अद्वैत माझ्या शब्दाबाहेर नाही.

१० मार्च
सात काढले. शेजारचे दोन तडकले. लाकूड नाही — काँक्रीट. गवंडी रांगेजवळ वाकून चालतात, वर उघडं आभाळ असून. विचारलं तर म्हणतात, कुठं वाकलो? मी स्वतः ताठ गेलो. टोपी वरून दाबली गेली, कपाळापर्यंत.

११ मार्च, सकाळी १०
नवे ठोकळे बसवायला कुणी तयार नव्हतं. मीच कल्याणला म्हटलं, भितो का रे? तो गेला. एक ठोकळा फुटला, त्याखाली त्याचा पाय अडकला. पालथा पडलाय. बाकीचे पळाले. अद्वैत क्रेन आणायला गेला — ती लावणार कशाला?

१०.४०
जॅक लावला. रिकाम्या हवेत जॅकचं डोकं अडलं. दांडा मारत राहिलो. जॅकखालची फरशी खचली. वरचं तसूभर हललं नाही.

११.०५
टेप उभी धरली. जमिनीपासून ४१० ला अडते. रांगेतले ठोकळे एकामागून एक फुटताहेत.

११.१५
३६०. कल्याण म्हणतो, दाजी, तुम्ही जावा, अक्काला सांगा मीच ऐकलं न्हाई. खोटं आहे. अहवालावर सही माझी. सरपटत आत आलो —

११.२५
पाय निघत नाही. आधाराला नवा ठोकळा सारावा तर तो १२०० चा. जागा ३१०.

मागचा ठोकळाही फुटला. वाट —

२८०. कल्याण आता बोलत नाही.

पालथं पडून माझ्या छातीची जाडी २४०. मापात चूक नसते माझ्या.

२६०

२५०

२४