जर्मन शब्द आणि गेणबाचा ऊस

८ जानेवारी १९९५, इंदापूर
निर्धार: यंदा आपल्या साप्ताहिकात मत मांडायचं. वाढदिवसाच्या शुभेच्छा छापून कंटाळलो. भाची प्रतीक्षा पुण्यात जर्मन शिकते. तिनं शब्द सांगितला: गेझिनुंग्सजर्नलिस्मुस. स्वतःची मतं ठासून मांडणारी पत्रकारिता. बाप रे, आपल्याकडे एवढ्या अक्षरांत अर्धा अग्रलेख होतो.

११ जानेवारी
कळंबचा गेणबा आला. साखर कारखान्याचे संचालक झुंबरआबा, त्यांच्या भावकीचा ऊस आधी तुटतो, याचा उभाच. तुरे आलेत, वजन घटतंय. म्हणाला, संपादक, माझं नाव घालून छापा, पेपरात आलं की तोडणीची टोळी येतीया बघा. शब्द दिला. सुरुवात त्या जर्मन शब्दाच्या उगमापासून करणार, हेही त्याला सांगितलं. अग्रलेखाला भारदस्तपणा येतो. तो शब्द कुणी घडवला, कशासाठी? प्रतीक्षाला पत्र टाकलं.

२५ जानेवारी
उत्तर नाही. उगम न कळता मत मांडणं उथळपणाच. या अंकात पहिलं पान झुंबरआबांच्या वाढदिवसाचं. याचा अग्रलेखाशी काही संबंध नाही.

९ फेब्रुवारी
बारामतीला छापखान्यात गेलो. एसटीत उभा. दमलो. घरी हिनं विचारलं, गेणबाचं छापलं का? म्हटलं, संशोधन चालू आहे. म्हणाली, उसाला काय कळतंय तुमचं संशोधन. हिला पत्रकारिता समजत नाही.

२० फेब्रुवारी
गेणबा पुन्हा. चहा घेतला नाही. म्हणाला, तुमचा जर्मन कवा येणार? उसाचं पार वाळाण झालंय. सांगितलं, पहिली ओळ तयार आहे. तर म्हणतो, ऱ्हाऊ द्या. पेटल्याला ऊस कारखाना पयला नेतो. दरात कापतो, पर नेतो. हसलो. गेणबा मोठा विनोदी.

२ मार्च
पत्र आलं! शब्द पहिल्यांदा कुणी वापरला, हे तिच्या मास्तरांनाही नक्की सांगता येत नाही. 'गेझिनुंग' म्हणजे मनाची धारणा. हल्ली हा शब्द बहुतेक टीका करायलाच वापरतात म्हणे. बरं झालं थांबलो.

४ मार्च
काल गेणबाचा ऊस जळाला. आज टोळी हजर. मी गेलो तेव्हा तो बांधावर बसला होता, हात काळे. वर न बघताच म्हणाला, शॉर्टसर्किट झालं म्हणून लिवा. तेवढं तरी लिवा.

९ मार्च
छापलं. चार ओळी, शेवटच्या पानावर. झुंबरआबांचा निरोप: बातमी एकदम समतोल. आजवर माझ्या लिखाणाचं एवढं कौतुक कुणी केलं नव्हतं. जेवण गेलं नाही.
गेणबाच्या रानावरून विजेची तार जात नाही. मला माहीत होतं.