गारगोटीतलं पाणी

कार्तिक वद्य ५, शके १८११

आज स्वयंपाकाच्या नोकरीवर कल्याणास आले. ठाण्याहून भरतीबरोबर होडी निघाली ती दुपारच्या आत बंदराला लागली. भावाच्या घरी वहिनीच्या कपाळावरची आठी पाहून दिवस सुरू होत असे. आता माझी चूल, माझी खोली, खिडकीतून खाडी. वाटेत मला चक्क हसू येत होतं.

बंगला गावाबाहेर आहे. मालक त्र्यंबकराव बेहेरे पूर्वी कॉलेजात शिकवीत. आता पृथ्वीच्या पोटात काय आहे यावर मराठीत ग्रंथ लिहितात. अंगणात काळ्या फत्तराला खोल भोक पाडून नळ बसवला आहे. त्यातून कोमट पाणी येतं, वज्रेश्वरीच्या कुंडासारखं. आंघोळीला पाणी तापवायला नको!

स्वयंपाकाचं त्यांनी काहीच विचारलं नाही. सोवळं कडक पाळता ना, बाहेरचं पाणी घेत नाही ना, एवढंच. हे गेले त्याला अकरा वर्षं झाली, तेव्हापासून दुसऱ्याच्या हातचा थेंब घेतलेला नाही, असं मी सांगितलं. रावसाहेब खूश होऊन हसले.

लिहितावाचता येतं का, हे विचारलं नाही. मीही बोलले नाही. आमच्यासारखीच्या हातात पुस्तक दिसलं की लोकांच्या पोटात दुखतं. माझ्या मधुच्या पाटीवरून मी अक्षरं शिकले. तो सहा वर्षांचा होऊन गेला. त्याच्या वहीची पानं उरली आहेत, त्यांवरच हे लिहिते.

मार्गशीर्ष शुद्ध ३

आज रावसाहेबांनी कपाटातला एक खडा दाखवला. काचेसारखी गारगोटी, आत पाण्याचा थेंब, थेंबात बुडबुडा. खडा कलता केला की बुडबुडा इकडून तिकडे जातो. चावत नाही, घ्या हातात, असं हसून म्हणाले. हे पाणी माणूस जन्मण्याआधीचं आहे. खडा वाढता वाढता त्याने ते आत कोंडलं. खोल जमिनीतल्या ऊन पाण्यात असे खडे विरघळलेले असतात. जिथे पोकळी सापडेल तिथे ते पाणी शिरतं आणि सावकाश ती भरून काढतं.

फार सुंदर वाटलं. खालचा खण मात्र त्यांनी गुडघ्याने लोटून बंद केला.

मार्गशीर्ष शुद्ध ११

एकादशी. मी निर्जळ करणार होते, तर रावसाहेब स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. फराळ सोडा, पण पाणी सोडू नका, म्हणाले. पायात जोडे होते. बिस्किटं खाणारा माणूस, त्याला माझ्या सोवळ्याची एवढी काळजी कशाला?

रोज किती तांबे प्याले तेही विचारतात. वहीत मांडून ठेवतात.

मार्गशीर्ष वद्य ४

मालू कोळीण मीठ घेऊन येते. आज पाटी उतरवून कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"त्या नलाचा पानी पितेस गो बाय?"

पिते म्हटलं.

"आमची ढोरां पन त्याला तोंड लावीत नाय. तुजा सायेब कुटला पितो, इचार त्याला. नदीवरशी कावर येते त्याची, पाटल्या दारान."

माझ्याआधीची स्वयंपाकीण रंगूबाई, तिची बोटं शेवटी वळेनाशी झाली होती म्हणे. मालूने आपली घागर पुढे केली. मी मागे सरले.

"बाटशील ना?" ती हसली. "मग ऱ्हा तशीच."

रंगूबाई कुठे गेली म्हणून मी रावसाहेबांना विचारलं. काशीला, म्हणाले. लगेच म्हणाले. जणू उत्तर तयारच होतं.

मागच्या दाराची कावड मी आज स्वतः पाहिली.

पौष शुद्ध ९

मधुचा दिवस. तापात तो पाणी मागत होता. वैद्यबुवांनी बजावलं होतं, थेंब द्यायचा नाही. मी दिला नाही. पहाटेपर्यंत मागत होता, मग मागायचा थांबला. नऊ वर्षं झाली.

दरवर्षी या दिवशी एकदा रडते आणि कामाला लागते. आज डोळे भरले, पण आसू ओघळेना. गालावरच अडकलं. नखाने काढलं. डाळीएवढा खडा. उजेडात धरला, कलता केला.

आत बुडबुडा हलला.

मागे वळले तर रावसाहेब उभे. हातात डबी, डबीत कापूस.

पौष वद्य २

रावसाहेब काही कामाने मामलेदार कचेरीत गेले होते. किल्ली घरच्या कोटाच्या खिशात राहिली होती. खालचा खण उघडला.

कापसावर खडे. प्रत्येकाशी बाळबोध अक्षरात चिठ्ठी. "रंगूबाई. आसवं." "रंगूबाई. बोटं." शेवटचा मुठीएवढा. "रंगूबाई. हृदय. आत पाणी आहे. बुडबुडा हलतो."

त्यापुढे तीन कप्पे. पहिल्यात माझा डाळीएवढा खडा, दोन रिकामे. कापूस नवा. चिठ्ठ्या लिहून ठेवलेल्या. तिन्हींवर माझं नाव. सरस्वती. तिसरीवर तिथीसुद्धा आहे, पौष अमावास्या.

सोवळं का विचारलं ते आता कळलं. दुसरा थेंब न घेणारी बाई त्यांना हवी होती. आणि मी ते अभिमानाने सांगितलं.

पौष वद्य ८

नळाचं पाणी सोडलं. दोन दिवस काही प्याले नाही, तिसऱ्या दिवशी तहानेने परत त्यालाच तोंड लावलं. कावडीच्या पाण्याला आता कुलूप आहे. रावसाहेबांनी मालूला येऊ नको म्हणून सांगितलं, तरी ती कुंपणापाशी आली. तिला म्हटलं, अमावास्येच्या आत मला ठाण्याला पोचव. तेरसेला भरतीला नवरा होडी आणील म्हणाली. दामाजी त्याचं नाव.

तुझं पाणीही आण, म्हटलं. ती हसली नाही.

करंगळी वळत नाही.

पौष वद्य १३

होडी आली. रावसाहेब ओसरीवरून बघत होते, अडवलं नाही. तेव्हाच समजायला हवं होतं —

मालूच्या घागरीला तोंड लावलं. घटाघटा प्याले. गोड, थंड. बाटले तर बाटले.

पायरी उतरले आणि गुडघे थांबले. दामाजीने उचलून पाहिलं. मग दोघांनी. एवढी जड की हलेना. "फत्तरावानी जर झालीस गो," मालू रडत होती. भरती ओसरत होती, होडी गाळात बसली असती. उद्या चार माणसं आणतो म्हणून गेले.

रावसाहेबांनी मला आत आणवलं. खाली चाकं लावलेली फळी. ती तयारच होती.

वद्य १४

कोणी आलं नाही. फाटकाला कुलूप घातल्याचा आवाज ऐकला.

बोरू दोन्ही मुठींत धरून लिहिते. मालूचं पाणी आत आहे. जिरलं नाही. मान वळवली की छातीत हलतं. ऐकू येतं.

अमावास्या

सकाळी रावसाहेबांनी छातीला कान लावला. बराच वेळ. मग माझ्याकडे बघून हसले, पहिल्या दिवशी हसले होते तसे. वहीत काही लिहिलं.

डबी आणायला गेलेत —

मधु, पाणी आहे रे माझ्यापाशी. नदीचं, गोड. तुला द्यायचं राहिलं ते. आता कितीही माग — पण बाहेर कसं —

जोडे वाजले.

बुडबुडा हलतोय. वर येतोय, गळ्यापाशी, मी तोंड उघडलं तर कदाचित —