पडलेलंच घ्या

सोमवार, ७ जानेवारी

घसा बसला! दिवसभर एकच ओरडत होते — पडलेलंच घ्या, तोडायचं नाही! माझ्या कलेच्या तासाचा नियमच आहे तो. झाडावरचं पान झाडाचं, खाली पडलेलं आपलं. डिंक नाही, तार नाही, रंग नाही. माती, वाळकं गवत, साली, शेंगा, गारगोट्या — बास. तरी ढोल्यानं हिरवी फांदी ओढलीच. त्याला असा काही झापला की पलीकडच्या वर्गातले गणिताचे सर खिडकीत येऊन उभे राहिले.

पोरं मागच्या अंगणात काहीतरी मोठं करतायत. माणूस आहे म्हणे. कोण ते सांगत नाहीत. "झाल्यावर बघा ना, बाई!"

पेन्सिल सगळीकडे शोधली. अंबाड्यातच खोचलेली होती.

बुधवार, ९ जानेवारी

हसू आवरेना! अंगणातल्या ओंडक्यावर पोरांनी चिखलाची एक बाई बसवलीये. अंग भरभक्कम, मांडी तर ओसरीएवढी. डोक्यावर गवताचा अंबाडा, त्यात आडवी काडी. एक बोट वर. आणि तोंड — आ वासलेलं! दातांच्या जागी गारगोट्या.

एका नजरेत ओळखलं. मोठ्या बाई! आमच्या मुख्याध्यापिका, दुसरं कोण? काडी म्हणजे त्यांच्या अंबाड्यातला तो चांदीचा आकडा. काय अचूक पकडल्यात! पोरांना मुद्दामच काही विचारलं नाही. उगाच घाबरायची.

बारकी पोरं जाता-येता तिच्या मांडीत काही ना काही ठेवतात. पीस, बी, किड्यानं खाल्लेलं पान.

गुरुवार, १० जानेवारी

बोलावणं आलंच. मोठ्या बाईंनी खिडकीतून लांबूनच पाहिलं होतं. "शनिवारी संस्थेची मंडळी येतायत. तो मातीचा ढीग उद्याच्या उद्या हलवा."

ढीग!

मी म्हटलं, "मुलांनी घडवलंय. मोडायचं तर मुलं मोडतील."

"तुम्ही इथे तासावर आहात, कायम नाही, विसरू नका."

तासावर आहे, ताटाखालचं मांजर नाही! — हे जिन्यात म्हणाले. एकटीच. पण म्हणाले.

घरी ह्यांना सांगितलं तर म्हणे, "नोकरी घालवून बसशील. आणि हळू बोल, शेजारी ऐकतायत." ऐकू देत! चांगलं कान देऊन ऐकू देत.

शुक्रवार, ११ जानेवारी

सकाळीच शिपाईमामा फावडं घेऊन हजर. मी ओंडक्यापुढे उभी राहिले. "मामा, आधी मला उचला."

"बाई, मला कशाला मध्ये घालता? तुमचं दोघींचं तुम्ही बघा," म्हणाले आणि फावडं भिंतीला टेकवून सावलीत जाऊन बसले.

मग मोठ्या बाई स्वतः आल्या. आज पहिल्यांदाच जवळून पाहिलं त्यांनी. हात हळूच स्वतःच्या अंबाड्याकडे गेला.

"ही मी आहे?"

मी ओंडक्यापुढून हलले नाही.

"मी खरंच अशी दिसते मुलांना?"

इथं जरा नमतं घ्यायला हवं होतं. पण तोंडाशी आलेलं गिळेन ती मी कसली! "मुलं खोटं घडवत नाहीत," म्हणाले.

त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. "मग राहू दे," एवढंच बोलल्या आणि मामांना परत पाठवलं.

जिंकले! नोकरीही शाबूत, मूर्तीही.

पायऱ्या चढताना त्यांनी कठडा धरला होता. एरवी कधी धरत नाहीत. असो. जिंकले.

शनिवार, १२ जानेवारी

मंडळी आली. अध्यक्ष मूर्तीपुढे थबकले — "हे कोण म्हणायचं?" सगळ्यांनी जमिनीकडे पाहिलं. मोठ्या बाई पुढे झाल्या. "मी," म्हणाल्या. "मुलांना मी अशी दिसते." मंडळी पोट धरून हसली. त्याही हसल्या, पण उशिरा.

मला हसू आलं नाही. का कोण जाणे.

सोमवार, १४ जानेवारी

मूर्तीचं तोंड वाळून तडकलं होतं. चष्मिश ओल्या मातीनं कड लिंपत होती. मी म्हटलं, "मिटूनच टाक ते. बिचाऱ्या मोठ्या बाईंची पुरे झाली थट्टा."

"मोठ्या बाई कुठे? ह्या तुम्ही आहात, बाई!" काडीवर बोट ठेवून म्हणाली, "ही तुमची पेन्सिल. हे बोट. आणि हे तोंड —"

बाकीच्यांनी एका सुरात आरोळी ठोकली, "पडलेलंच घ्याऽऽ!"

कसंबसं विचारलं, "मांडी एवढी मोठी कशाला?"

"सापडलेलं सगळं आम्ही तुमच्याकडेच आणतो ना. मावायला नको?"

मुलं खोटं घडवत नाहीत.

तोंड मिटू दिलं नाही मी. राहू दे उघडं. उद्या शाळा भरायच्या आधी ह्याच तोंडानं मोठ्या बाईंच्या खोलीत जायचं आहे.