अर्धी गाडी एल्रॉयला, अर्धी इमानुएलला

मी, रेगिना योहान्ना दिरगार्ट, वय वर्षे त्र्याहत्तर, कै. अब्राम दिरगार्ट यांची पत्नी, राहणार रेहोबोथ, नामिबिया, धंदा गाड्या वाळवंटात मुक्कामाला जाण्याजोग्या करून देणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या स्वयंपाकघरात बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. साखर वाढली आहे, गुडघे गेले आहेत, पण डोकं ठिकाणावर आहे. ते तापलेलं आहे, हेही इथे नमूद करते. उद्या कोणी म्हणालं की म्हातारीने रागाच्या भरात लिहिलं, तर त्याला सांगावं, हो, रागातच लिहिलं, पण आठ महिने विचार करून. यापूर्वीचं मृत्युपत्र रद्द समजावं. ते अब्रामने सांगितलं तसं मी लिहिलं होतं.

कलम १. राहतं घर, पडवी आणि अंगणातली दोन डाळिंबं मुलगी बेर्टा हिला. अट काही नाही. ती एकटीच मला न विचारता कशाला हात लावत नाही.

कलम २. शेजारी कोसी फान वेक याने सहा वर्षांपूर्वी "उद्या आणून देतो, तानी" असं मावशी-मावशी करत नेलेला उंच जॅक त्यालाच देत आहे. निदान चोरीचं पाप तरी त्याच्या माथी नको. त्याने तो अंत्यविधीला आणून दाखवू नये, मला उठून बसावं लागेल.

कलम ३. कॅनव्हास शिवायचं मशीन, सुया आणि मेणाचा दोरा चर्चच्या महिला मंडळाला. या निमित्ताने एक गोष्ट कायमची लिहून ठेवते. गावात सगळे म्हणतात, "अब्रामच्या हाताची गाडी." अब्राम स्प्रिंगचे पाटे बसवायचा आणि वेल्डिंग करायचा, ते झकास करायचा, त्याबद्दल दुमत नाही. पण तंबू मी शिवले. कोणता कप्पा कुठे, पातेलं कुठे, औषधं कुठे, रात्री चाचपडत हात घातला तर काडेपेटी कुठे सापडली पाहिजे, हे सगळं मी ठरवलं. गिऱ्हाईक आलं की आधी अंगणात ताडपत्री अंथरायची आणि त्याचं सगळं सामान त्यावर मांडायला लावायचं, ही रीतही माझीच. प्रत्येक वस्तू उचलून मी विचारायची, "ही शेवटची कधी वापरलीत?" उत्तर आलं नाही तर ती वस्तू गाडीत जात नसे. लोक चिडायचे. चिडलेले लोक जिवंत परत यायचे.

कलम ४. आता गाडी. चारही चाकांना जोर असलेली पांढरी डिझेल पिकअप, जिच्यावर आमची तीस वर्षं गेली. तिच्यात पुढच्या सीटमागे, अगदी खाली, साठ लिटरची पाण्याची टाकी होती. खाली का, तर पाणी जड असतं, आणि जड वस्तू खाली असली की गाडी उलटत नाही. हे शेंबड्या पोरालाही समजतं. माझ्या मुलाला, एल्रॉय अब्राम दिरगार्ट, वय चव्वेचाळीस, याला समजलं नाही.

पाहुण्यांना फिरवायचा धंदा सुरू केल्यावर त्याने ती टाकी काढली आणि तिथे फ्रिज बसवला. टपावर शिडीचा तंबू, दोन जादा चाकं, लाकडं, आणि पाण्याचे कॅनही टपावरच. मी अंगणात उभी राहून म्हटलं, "एल्रॉय, पाणी खाली घे."

तर म्हणतो, "मा, पाण्याचे पैसे कोण देतं? लोक थंड बिअरचे देतात."

हे वाक्य जसंच्या तसं लिहिलं आहे. त्याने कुठेही नाकारून दाखवावं.

इमानुएल गारिसेब सव्वीस वर्षं आमच्या वर्कशॉपमध्ये आहे. एल्रॉयला क्लच सोडायला त्यानेच शिकवलं. आठ महिन्यांपूर्वी एल्रॉय पाहुण्यांना घेऊन सफरीला निघाला तेव्हा तोही गेला, कारण पोरगा एकटा जाऊ नये असं त्याला वाटलं. उत्तरेकडच्या एका कोरड्या नदीत, वाळूतून काठावर चढताना, वरच्या ओझ्याने गाडी कुशीवर पडली. कॅन फुटले. पाणी वाळूने पिऊन टाकलं. फोन चार्ज करायला गेले तर फ्रिजने बॅटरीच संपवलेली. दुसऱ्या दिवशी इमानुएल वितळलेल्या बर्फाच्या दोन बाटल्या घेऊन एकतीस किलोमीटर चालत गेला आणि मदत घेऊन आला. पाहुणे वाचले, एल्रॉय वाचला. इमानुएलच्या किडन्या गेल्या. आता आठवड्यातून तीनदा त्याला विंडहुकला मशीनवर जावं लागतं.

आणि माझे चिरंजीव काय म्हणाले? "त्याच्या किडन्या आधीच नाजूक होत्या, डॉक्टरच म्हणाले." पोलिसांच्या कागदात लिहून दिलं, "माझा ड्रायव्हर पायी गेला." ड्रायव्हर! अरे, लाज कशी वाटली नाही? त्या दिवसापासून हा इमानुएलच्या दारात गेलेला नाही. रस्त्यात दिसला तर हा दुकानात शिरतो. मी याला जन्म दिला याचा मला संताप येतो, आणि हा माझाच मुलगा आहे याचा त्याहून जास्त येतो.

कलम ५. मी ती गाडी सरळ इमानुएलला देणार होते. तो म्हणाला, "नको तानी. मग तर तो माझं तोंडही बघणार नाही." म्हणून गाडी आणि वर्कशॉप दोघांना निम्मं निम्मं देत आहे. अर्धी गाडी चालत नाही, हे मला कळतं. म्हणूनच. किल्ली मागायची तर एकमेकांशी बोलावं लागेल. दोघांपैकी कोणी आपला हिस्सा सोडला किंवा कायद्याने गमावला, तर तो दुसऱ्याला जावा.

कलम ६. पोस्टातली शिल्लक इमानुएलच्या दवाखान्याच्या जाण्यायेण्यासाठी. माझ्या अंत्यविधीला मटण आणि कॉफी असावी. थंड बिअर कोणालाही देऊ नये. पाणी द्यावं, आणि ते नळाचं असावं.

शेवटचं पान. हे आज, सगळे टेबलाभोवती बसलेले असताना लिहीत आहे. साक्षीदार म्हणून पाळकांच्या पत्नी लेना मूटोन आणि निवृत्त पोस्टमास्तर ठरले होते. पोस्टमास्तरांच्या बकऱ्या कुंपण तोडून पळाल्या, ते आले नाहीत. मी एल्रॉय आणि इमानुएल दोघांनाही मजकूर ऐकायला बोलावलं होतं. दोघं टेबलाच्या दोन टोकांना बसले. मी वरचं सगळं मोठ्याने वाचलं, एक शब्द न गाळता. एल्रॉय मान खाली घालून ऐकत होता. वाचून झाल्यावर त्याने कागद ओढला, पेन उचललं आणि दुसऱ्या साक्षीदाराच्या जागी पहिल्या पानावर सही केली.

मी ओरडले, "अरे मूर्खा, साक्षीदाराला मृत्युपत्रातलं काही मिळत नाही! कायदा आहे तसा!"

"माहीत आहे, मा."

इमानुएल म्हणाला, "खोड ते, एल्रॉय. येडेपणा करू नकोस."

"नाही खोडत." त्याने दुसऱ्या पानावर सही केली. मग तिसऱ्या. मग इमानुएलला काकाच्या नात्याने हाक मारून म्हणाला, "ऊम, चूक माझी होती. आठ महिने तुमच्या दारापर्यंत येऊन परत गेलोय. काय बोलायचं तेच सुचत नव्हतं. एवढं सुचलं."

इमानुएल उठला आणि एल्रॉयशेजारच्या खुर्चीवर येऊन बसला.

एल्रॉयने विचारलं, "मंगळवारी किती वाजता निघता?"

"पहाटे पाचला."

"मी येतो न्यायला."

"गाडी माझी," इमानुएल म्हणाला. "पण चालव तू."

माझा राग गेलेला नाही, हे या पानावरही नमूद करते. वरचा एकही शब्द मी खोडत नाही. फक्त गाडी आणि वर्कशॉपमधला एल्रॉयचा हिस्सा कलम ५ प्रमाणे इमानुएलला जाईल, ही या कागदावर त्याने स्वतःच्या हाताने केलेली भर आहे, आणि ती मला मान्य आहे.

लिहून देणार: रेगिना योहान्ना दिरगार्ट (सही)

साक्षीदार:
१. लेना मूटोन, पाळकांच्या पत्नी (सही)
२. एल्रॉय अब्राम दिरगार्ट, मुलगा (सही)

ठिकाण: रेहोबोथ
दिनांक: ११ मे २०१९, शनिवार