नोटिशीखालचं नाव

प्रिय आई,
तुला आणि बाबांना वाकून नमस्कार.

रस्त्यावरचा बोका नेमका कोणाचा असतो? मला नाही सांगता येत. पण फाटक्या कानाचा एक बोका रोज माझ्या खिडकीत येतो. महिनाभर फिसकारून परवा त्याने माझ्या हाताला डोकं घासलं.

मी मजेत आहे, वेळेवर जेवते. बाबांचा गुडघा कसा आहे?

घरमालकीणबाईंनी जिन्यात नोटीस लावली: बोक्याची जबाबदारी कोणी घेतली नाही, तर रविवारी त्याला लांब सोडणार. खालचे शिंपीकाका म्हणाले, "पोरी, गप्प बस. खोली जाईल." बोक्याला दूध तेही घालतात! तूही हेच म्हणाली असतीस ना?

रागावू नकोस. आज सकाळी त्या नोटिशीखाली मी माझं पूर्ण नाव लिहिलं, पदवीसकट.

तुझी हट्टी लेक